डोंग्यात दरवर्षी पाणी येतं: डांबर फासण्याआधी एवढं तपासा

मृगाचा पाऊस पडतो, तलाव चढतो, उन्हाळाभर काठावर पडलेला डोंगा पाण्यात ढकलला जातो आणि अर्ध्या तासात त्यात घोटाभर पाणी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या मालगुजारी तलावांवर आणि वैनगंगेच्या काठी हे दरवर्षीचं आहे. मग डांबराचा डबा चुलीवर चढतो, बुडाला काळा थर बसतो, महिनाभर बरं चालतं आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा तेच.

गळती परत परत येते त्याची कारणं दोनच. पाणी नेमकं कुठून येतं ते न पाहता सगळीकडे फासलं जातं. आणि लाकूड कडकडीत कोरडं असताना फटी भरल्या जातात. खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून सुरू होऊन खर्चाच्या कामापर्यंत जातो. तो मोडू नका. बहुतेक डोंगे तिसऱ्या पायरीलाच बरे होतात.

इथे धरलेला डोंगा म्हणजे १६ ते १८ फुटी, सपाट बुडाचा, फळ्या जोडून केलेला. फायबरच्या नावेचं शेवटी वेगळं लिहिलं आहे.

लक्षणं

डोंगा काठाला बांधलेला असताना सकाळी पाणी दिसतं, पण रात्री पाऊस झाला नसेल तर दिसत नाही. हे पावसाचं पाणी.

पहिल्या दिवशी धो-धो येतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी थेंबावर येतं. लाकूड वाळून आकसलं होतं, आता फुगतंय.

रिकामा असताना कोरडा, चार माणसं बसली की भरायला लागतो. फट बाजूच्या फळीत आहे, रिकाम्या डोंग्याच्या पाणरेषेच्या वर.

उभा असताना ठीक, मोटर लावून चालवला की मागे पाणी साचतं. मोटर बसवलेली मागची उभी फळी आणि तिचे बोल्ट पाहा.

काल ठीक होता, आज एकदम भरला. खुंट किंवा दगड लागला आहे, नाहीतर खिळा सुटला आहे.

खिळ्यांभोवती लाकूड काळं पडलंय, बोटाने दाबलं तर दबतं. खिळे गंजलेत, लाकूड कुजतंय. हे लक्षण सगळ्यांत वाईट.

आधी मोजा

"लय पाणी येते" यावरून काहीच ठरत नाही. डोंगा पूर्ण उपसा, फडक्याने पुसा, शांत पाण्यात बांधा आणि एक तासाने १० लिटरच्या बादलीने उपसून मोजा. रात्रभरात एखादी बादली आली तर फळ्यांच्या डोंग्यात ते चालतं. तासाला एक बादली येत असेल तर जागा शोधायलाच हवी. पाच मिनिटांत बादली भरत असेल तर तो डोंगा पाण्यात नेऊ नका, एकट्यानेही नाही. आकडा तारखेसह लिहून ठेवा. प्रत्येक दुरुस्तीनंतर पुन्हा मोजलं तरच काय उपयोगी पडलं ते कळेल.

पहिली तपासणी: पावसाचं पाणी

समुद्रावरचे लोक नावेतलं पाणी जिभेला लावून सांगतात: खारं असेल तर गळतीचं, गोडं असेल तर पावसाचं. आपल्या तलावात दोन्ही गोडंच, म्हणून हा उपाय इथे चालत नाही. आणि पावसाचं पाणी वाटतं त्यापेक्षा पुष्कळ असतं. १८ फुटी डोंग्याचं उघडं तोंड साधारण साडेचार चौरस मीटर धरलं, तर ५० मिलिमीटर पावसात आत सव्वादोनशे लिटर पडतं. म्हणजे बावीस-तेवीस बादल्या.

दोन रात्री ताडपत्री टाका. मध्ये आडवा बांबू बांधून ताडपत्रीला घराच्या छपरासारखा उतार द्या, नाहीतर मधोमध झोळी होऊन तिथेच पाणी साचतं. ताडपत्रीखाली डोंगा कोरडा राहिला तर काम संपलं.

दुसरी तपासणी: बूच

बुडाला पाणी सोडायचं भोक असेल तर त्याचं बूच काढून पाहा. लाकडी बूच उन्हात आकसतं आणि रबरी बुचाला भेगा पडतात. भोकाच्या कडेला अडकलेला वाळूचा एक खडा पाणी आत यायला पुरेसा असतो. नवं बूच सागाचं, निमुळतं करा, त्याला सुती चिंधीचा एकच वेढा द्या आणि हाताने दाबून बसवा. हातोडीने ठोकलं की भोकाची कड फाटते.

तिसरी तपासणी: डोंगा भिजवा

बहुतेकांची गळती इथेच थांबते, आणि नेमकी हीच पायरी बहुतेक जण वगळतात.

लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत आकसतं. ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे नवतपात (मे अखेरचे कडक उन्हाचे दिवस) पारा ४५-४६ अंशांच्या वर जातो, हवा कोरडीठाक असते. अशा दोन महिन्यांत आठ इंच रुंद सागाची फळी एक ते दोन मिलिमीटरने अरुंद होऊ शकते. बुडाला पाच फळ्या असतील तर प्रत्येक सांध्यात नखाएवढी फट पडणारच. ती फट दुखापत नाही, तहान आहे. पाणी मिळालं की फळी परत रुंदावते आणि सांधा आपोआप आवळला जातो.

आता अशा कोरड्या फटीत मे महिन्यातच कापूस, डांबर किंवा कडक लांबी (फट बुजवायचा लगदा) ठासून भरली, तर जुलैमध्ये फुगणाऱ्या फळीला जागा उरत नाही. मग ती आतल्या आडव्या पट्ट्यांवरून उचलली जाते, खिळे ओढले जातात, कधी पट्टीच तडकते. गळती बंद करायला गेलो आणि डोंगा खिळखिळा झाला, असं होतं ते याच कारणाने.

भिजवायच्या दोन पद्धती आहेत. काठावरच भिजवायचा असेल तर आत बारदाना किंवा जुनी गोणपाटं अंथरा आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ पाणी शिंपडून ती ओली ठेवा, वरून तणीस (भाताचा पेंढा) टाका. चार-पाच दिवस लागतात. घाई असेल तर गुडघाभर पाण्यात, जिथे खाली चिखल आहे आणि खुंट-दगड नाहीत अशा जागी डोंगा बुडू द्या. मोटर, जाळं, वल्ही आधी काढा, दोर झाडाला बांधा, तीन ते पाच दिवस तसाच ठेवा.

बाहेर काढताना आधी जागेवरच पूर्ण उपसा, मगच ओढा. पाण्याने भरलेला डोंगा चार माणसांनी हिसका देऊन ओढला तर शेकडो किलोंचा भार बुडाच्या फळ्यांवर येतो आणि जे सांधे नुकते बसलेत तेच उघडतात.

भिजवल्यावर पुन्हा एक तासाची मोजणी करा. पाणी निम्म्याहून कमी झालं असेल तर आणखी दोन दिवस द्या. आठवडा झाला आणि आकडा तोच राहिला, तर कारण कोरडेपणा नाही. पुढे चला.

चौथी तपासणी: राख लावून जागा शोधा

पाणी आत जिथे दिसतं तिथून ते आलेलं असेलच असं नाही. पुढच्या टोकातून आत येतं आणि उतारावरून मागे जाऊन साचतं. म्हणून उलट करा: डोंगा काठावर घ्या आणि पाणी आतून बाहेर येताना पाहा.

डोंग्याखाली दर तीन-चार फुटांवर आडवे ओंडके ठेवा. फक्त दोन टोकांना टेकू दिला तर मधला भाग वजनाने मोडतो. आत चार इंचच पाणी भरा. तेवढ्याचंसुद्धा चारशे-साडेचारशे किलो होतं, काठोकाठ भरायचा मोह नको. पाण्यात कपड्याला घालायची थोडी निळ टाकली तर माग काढणं सोपं जातं. बाहेरून बूड आणि बाजू पुसून कोरड्या करा आणि चुलीची बारीक चाळलेली राख फडक्याने सगळ्या सांध्यांवर, खिळ्यांच्या डोक्यांवर थापा. मग थांबा, पंधरा-वीस मिनिटं.

आधी राखेचा रंग बदलतो. करड्या पट्ट्यात गडद ठिपका उमटतो, ठिपक्यात ज्वारीच्या दाण्याएवढा थेंब फुगतो, मग तो सुटून खाली ओघळ धरतो. खूण थेंब टपकतो तिथे करू नका. ओघळाच्या मागे वर जा आणि जिथे राख सगळ्यांत आधी ओली झाली तिथे कोळशाने गोल करा. सांध्यातून आलेलं पाणी लांब रेघ ओली करतं. खिळ्यातून आलेलं पाणी डोक्याभोवती गोल ठिपका करतं. चिरेतून येतं तेव्हा राख लाकडाच्या रेषांच्या दिशेने फळीच्या मधोमध ओली होते. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून हा फरक नीट पाहा. बाजूच्या वरच्या फळ्यांपर्यंत चार इंच पाणी पोचत नाही. तिथे एकाने बाहेरून सांध्यावर तांब्याने पाणी सोडायचं आणि दुसऱ्याने आतून पाहायचं.

पाचवी तपासणी: खिळे

गोल ठिपका दिसला तिथे खिळ्याच्या डोक्याशेजारी चांभाराची टोकदार आरी टेकवून हाताने दाबा. चांगल्या सागात टोक जेमतेम रुतेल. पाव इंच सहज आत गेलं तर लाकूड गेलेलं आहे. लोखंडी खिळा ओलाव्याने गंजतो, गंज फुगून भोक मोठं करतो आणि आजूबाजूचं लाकूड काळं पडून भुसभुशीत होतं.

खिळा नुसता ढिला असेल तर तो काढा आणि त्याच भोकात जाडा खिळा मारू नका, फळी उभी फाटते. जुन्या भोकात तेलात बुडवलेली सागाची काडी ठोका आणि दीड-दोन इंच बाजूला, आधी बारीक भोक पाडून, जस्ताचा मुलामा दिलेला नवा खिळा मारा. टोक आतून बाहेर काढून पट्टीवर वळवून घ्या. साध्या काळ्या खिळ्यात दहा-वीस रुपये वाचतात आणि दोन पावसाळ्यांत तेच काम पुन्हा करावं लागतं.

सहावी पायरी: फट भरणं

आता कुठे फट भरायची वेळ आली. डोंगा भिजवलेला असावा, आणि बाहेर काढून एक दिवस सावलीत ठेवलेला: वरून सुका, आतून ओलसर. ज्या सांध्यांवर कोळशाची खूण आहे तेवढेच उघडा. न गळणारा सांधा उकरू नका.

पाच मीटर फटीला पाव किलो सरकी काढलेला स्वच्छ कापूस पुरून उरतो. लांबीसाठी ५०० ग्रॅम खडूची पूड आणि ८० ते ९० ग्रॅम जवसाचं तेल लागतं. पेंटच्या दुकानात मिळणारं बॉइल्ड लिनसीड ऑइल घ्या. घाण्याचं कच्चं जवस तेलही चालतं, पण ते सुकायला आठवडा आणि वर घेतं. पूड थोडी थोडी घालत भाकरीच्या पिठासारखं मळा. बोटाला चिकटायचं थांबलं की झालं. भिंतीची पांढरी पुट्टी इथे चालत नाही. इपॉक्सीची पुट्टीही नको. दोन्ही दगडासारख्या कडक होतात, फळी हलली की तडा. जुने कारागीर लांबीत शेंदूर घालतात. शेंदूर म्हणजे शिसं. ज्या पाण्यातले मासे आणि शिंगाडे आपण खातो त्यात ते जाऊ देऊ नका.

फटीतलं जुनं डांबर, माती, कुजका कापूस पातळ पट्टीने खरवडून काढा. आत तेलाचा हात फिरवा. ही गोष्ट सोडली तर कोरडी कड लांबीतलं तेल शोषून घेते आणि महिन्याभरात लांबी भुगा होऊन पडते. कापसाची पेन्सिलीएवढी जाड, सैल पिळाची वात वळा. बोथट पटाशीने ती फटीत बसवा: आधी दर वितीला एक ठोका देऊन अडकवून घ्या, मग टोकापासून सलग दाबत या. हलक्या हाताने. वात फळीच्या पृष्ठभागापासून ३-४ मिलिमीटर आत बसली पाहिजे. आतल्या बाजूला कापूस डोकावायला लागला म्हणजे ठोके जास्त झाले, किंवा फट आरपार एकसारखी रुंद आहे. अशा फटीला आतून आधी लाकडाची पातळ पट्टी लागते आणि ते काम सुताराचं आहे. वातीवर पुन्हा तेल, मग लांबी दाबून भरा आणि पृष्ठभागापेक्षा किंचित खोलगट ठेवा. फळ्या फुगल्या की ती वर येते.

दोन-तीन दिवस सावलीत ठेवा, उन्हात नाही. तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना गरम होतं आणि अशा बोळ्याला आपल्या उन्हाळ्यात आपोआप आग लागू शकते. फडकी पाण्यात बुडवून ठेवा किंवा एकेक पसरून वाळवा.

डांबराबद्दल: रस्त्याचं डांबर ५० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि उन्हात पडलेलं काळं बूड ६० च्या वर सहज तापतं. म्हणजे मे महिन्यात ते फटीतून ओघळून जाणारच. राहिलं तिथे वरून साल धरतं, आत पाणी अडकतं आणि लाकूड सालीखाली, न दिसता कुजतं. फट नीट भरल्यावर बाहेरून पातळ हात द्यायचाच असेल तर द्या, पण डांबर हा गळतीचा इलाज नाही. तापलेल्या डांबरात ओलं ब्रश बुडालं तर ते फसफसून अंगावर उडतं, एवढं लक्षात असू द्या.

एकाच खोडातून कोरलेल्या डोंग्याला सांधे नसतात, टोकाकडून उभी चीर जाते. चिरेच्या शेवटी बारीक भोक पाडून ती पुढे जाण्यापासून थांबवा, मग चीर वरच्याच पद्धतीने भरा आणि भोकात सागाची काडी ठोका.

मोटरची फळी

मोटर २५ ते ४० किलोंची, आणि तिचा रेटा सगळा मागच्या उभ्या फळीवर. बोल्ट ढिले झाले की भोकं अंडाकृती होतात. मोटर उतरवून बोल्ट काढा, भोक दोन दिवस सुकू द्या, पॉलियुरेथेन सीलंट भोकात आणि वॉशरखाली भरा, दोन्ही बाजूंना मोठे वॉशर टाकून आवळा. सिलिकॉन वापरू नका, त्याचा तेलकट थर राहतो आणि नंतर त्यावर काहीच धरत नाही. फळीवर हातोडीच्या दांड्याने ठोका: टणक "ठक" हवा. "बद" आवाज आला तर आत कूज आहे आणि सीलंट निरुपयोगी.

फायबरची नाव

जलाशयात बुडालेल्या झाडांचे खुंट पाणी उतरलं की वर येतात आणि फायबरच्या नावा तिथेच फुटतात. केसाएवढ्या जाळीदार रेषा बहुतेक वरच्या रंगीत थरापुरत्या असतात, त्या गळत नाहीत. अंगठ्याने दाबल्यावर चीर उघडत असेल तर ती आरपार आहे. पाणी दिसत नाही पण नाव जड झाली असेल तर बंद हवेच्या पेटीत पाणी शिरलंय.

वीतभर चिरेपर्यंतचं काम घरी होतं. चिरेच्या दोन्ही बाजूंना जाडीच्या बारा पट उतरतं घासा. पाच मिलिमीटर जाडीला सहा सेंटिमीटर. दोन-तीन दिवस पूर्ण सुकवा, अ‍ॅसिटोनने पुसा. चौरस मीटरला ४५० ग्रॅमच्या काचमॅटचे (काचतंतूंच्या चटईचे) किमान तीन थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा मोठा, आणि मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट पॉलिस्टर रेझिन. हार्डनर १ टक्का, म्हणजे २०० ग्रॅम रेझिनला २ ग्रॅम. त्याहून मोठा घोळ एका वेळी करू नका, आपल्या गरमीत तो डब्यातच घट्ट होतो. काम सकाळीच करा.

कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं द्रव) वेगळा मिळाला असेल तर तो आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मगच हार्डनर घाला. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय बाटली उघडू नका.

कुठे थांबायचं

आतली आडवी पट्टी किंवा मधला कणा तडकलेला दिसला, आरी तळहाताएवढ्या भागात कुठेही सहज रुतते, एका फळीचे तीन-चार खिळे सलग ढिले आहेत, मोटरची फळी "बद" वाजते, किंवा फायबरची चीर वीतभराहून लांब आहे वा बूड आणि बाजू यांच्या कोपऱ्यातून जाते, तर हात थांबवा. यातल्या कशावरही कापूस-लांबी टिकत नाही, आणि वरून भरलेल्या थरामुळे मोडकी जागा झाकली जाते. नाव बांधणाऱ्या सुताराला बोलवा, फायबरसाठी फायबरचं काम करणाऱ्याला. फळी बदलायची तर एकच बदलून भागतं का ते त्याला ठरवू द्या.

मजूर, मिरची तोडायला पलीकडे जाणाऱ्या बाया, शाळेची मुलं ज्या नावेतून जातात तिच्यासाठी घरगुती दुरुस्तीवर भागवू नका. इंजिनवर चालणाऱ्या नावेची २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार तपासणी आणि नोंदणी लागते. दुरुस्तीनंतर ती पुन्हा दाखवून घ्या. लाइफ जॅकेट माणशी एक.

भर पाण्यात अचानक भोक पडलं तर सुती कपड्याचा बोळा ग्रीस लावून भोकात दाबा, वर फळकुट ठेवून पायाने रेटून धरा आणि जवळच्या काठाला लागा. तो बोळा पुढच्या फेरीसाठी नाही.

दुरुस्ती झाली की माणसं बसवण्याआधी वाळू बसवा. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात कोरडी वाळू भरली की ५० किलोंच्या आसपास होते. सहा माणसं नेणार असाल तर आठ पोती, कमरेभर पाण्यात, काठाला दोन दोर बांधून. आतून पाणरेषेच्या सांध्यावर कोळशाची रेघ मारा, दोन तास थांबा आणि उपसून बादली मोजा. सुरुवातीला लिहिलेल्या आकड्याशेजारी हा आकडा लिहा.